बिल्ला दिला, चावी कुठे आहे?

या डिसेंबरात दोन दिवस सेमाडोहला होते. परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या आत, सिपना नदीच्या काठचं हे गाव. वन विभागाचं पर्यटक संकुल इथे आहे, निसर्ग माहिती केंद्र आहे. त्यामुळे वऱ्हाडातल्या शाळांची शिबिरं इथे होत असतात. मी गेले ती मुलींच्या एका उर्दू शाळेबरोबर. दहावीपर्यंत मी याच शाळेत शिकले. आता पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करते. शाळेच्या टीचरचा फोन आला, "दोन दिवसांची सुट्टी मिळेल का? शाळेची जुनी पोरगी, त्यात इंजिनिअर सोबत आहे म्हटलं की घरचे सोडतात." मी गेले. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे म्हणायचं आहे ते एका शाळेपुरतं नाही. आपल्या बहुतेक शाळांना ते लागू आहे.

आधी या शिबिराची परवानगी कशी मिळाली ते सांगते. नववीच्या वर्गाने शिबिराचं नाव काढलं तेव्हा घरोघरी नकार आला. मुली, जंगल आणि रात्रीचा मुक्काम, तिन्ही शब्द एकाच वाक्यात आल्यावर दुसरं काय होणार? शाळेने विषय सोडून दिला असता. पण वर्गातल्या चार मुलींनी एक वही केली. कोणाच्या घरी नकार कोणाचा आहे, अब्बांचा, दादींचा की मोठ्या भावाचा, आणि त्याचं कारण काय, हे त्यात लिहिलं. कारणं वेगवेगळी निघाली. एका घरी पैशाची अडचण होती आणि लाजेने कोणी बोलत नव्हतं. दोन घरी झोपायची सोय काय, हा प्रश्न होता. एका अब्बांचं म्हणणं होतं की बसचा ड्रायव्हर कोण ते कळलं पाहिजे. बाकीच्यांचा नकार "लोक काय म्हणतील" एवढाच होता. मुलींनी प्रत्येक कारणाला वेगळं उत्तर शोधलं. दोन अम्मींना सोबत यायला तयार केलं. ड्रायव्हरचं नाव आणि मोबाईल नंबर कागदावर लिहून घरोघर दिला. सेमाडोहला नेटवर्क कधी असतं, कधी नसतं, म्हणून रोज रात्री एकच फोन टीचर करतील आणि तिथून निरोप सगळ्या घरी जाईल, असं ठरवलं. शेवटी २२ मुली आल्या. तीन आल्या नाहीत. त्या वहीत सगळ्यांत जास्त धावपळ केलेली एक मुलगी या तिघींत होती. इतरांना घेऊन जायचं तिने जमवलं, स्वतःच्या घरी मात्र तिला जमलं नाही.

या चौघींपैकी एकीकडेही शाळेचं पद नव्हतं. शाळेचं मंत्रिमंडळ आहे, मुख्यमंत्री आहे, खात्यांचे मंत्री आहेत, त्यांच्या ओढणीला बिल्ले आहेत. ही पदं टीचरनी मागच्या वर्षीच्या गुणांवरून वाटलेली. पाहुणे आले की गुच्छ द्यायचा, रांगोळी काढायची, परिपाठाला रांगा सरळ करायच्या, एवढंच त्यांचं काम.

हे बिल्ले मला चांगले ओळखीचे आहेत. नववीत मी या शाळेची स्वच्छता मंत्री होते. अम्मीने माझा बिल्ला शेजारणींना दाखवला होता. त्या वर्षी शाळेत मुलींसाठी दोन संडास होते. एकाचं दार मोडकं, दुसरं कुलपात. कुलपाची चावी कार्यालयात खिळ्याला टांगलेली असे आणि तपासणीला साहेब येणार असले की ते उघडलं जाई. पाळी आलेली मुलगी मधल्या सुट्टीत घरी निघून जायची आणि दुपारनंतरचे तास बुडवायची. स्वच्छता मंत्री म्हणून मी काय केलं? "स्वच्छता हे अर्धं ईमान आहे" असा फलक रंगवला आणि कुलपावर नाही, तर भिंतीवर लावला. त्या फलकाला मला पहिलं बक्षीस मिळालं. चावी मागावी हे मला सुचलं नाही. सुचलं असतं तरी मागायची हिंमत झाली नसती. मंत्री होते, पण माझ्या खात्याची चावी माझ्याकडे नव्हती.

आमच्या कामात एक साधा नियम आहे. एखाद्यावर सिस्टिमची जबाबदारी टाकली तर त्याला तिचा पासवर्डही द्यावा लागतो. पासवर्ड न देता जबाबदारी दिली, तर सिस्टिम बंद पडल्यावर बोलणी खायला एक माणूस नेमला, एवढाच त्याचा अर्थ होतो. मुलींच्या शाळेत आपण नेमकं हेच करत आलो आहोत.

सेमाडोहला दुसऱ्या दिवशी मेळघाटातल्या एका आश्रमशाळेच्या मुलीही माहिती केंद्र पाहायला आल्या होत्या. बहुतेक कोरकू घरांतल्या. आमच्या मुलींनी येताना जुन्या कपड्यांचं एक गाठोडं आणलं होतं. "समाजसेवा" हा शिबिराच्या पत्रकातला एक मुद्दा होता आणि त्यासाठी हे गाठोडं. ते सोडलं तेव्हा वरच लहान बाळाचा, बटण तुटलेला फ्रॉक निघाला. समोरच्या मुली आठवी-नववीच्या, अंगात गणवेश, केस नीट विंचरलेले. त्यातल्या एकीने अगदी सरळ विचारलं, "हे कोणासाठी आणलं?" आमच्यापैकी कोणालाच उत्तर देता आलं नाही. टीचरनी गाठोडं परत बांधलं.

मग नुसत्या गप्पा झाल्या. आमच्या मुलींनी त्यांची दिनचर्या विचारली. घरापासून लांब, वसतिगृहात राहणाऱ्या या मुली पहाटे उठून पहिलीच्या पोरींच्या वेण्या घालतात. रात्री कोणाला ताप आला तर अधीक्षकांना उठवतात, आणि त्या पोरीजवळ कोणी बसायचं हे आपसांत ठरवतात. सुट्टीहून कोण परत आलं नाही, का आलं नाही, याचा पत्ता त्यांना शाळेच्या आधी लागतो, कारण कोणाच्या घरी लग्नाचं बोलणं चाललंय हे त्यांना ठाऊक असतं. आमच्यातली एक म्हणाली, "मग तुझ्याकडे कोणतं पद आहे?" ती मुलगी हसली. "पद कायले लागते?"

इथे एक सावधगिरी हवी. त्या मुलींचं हे शहाणपण पाहून भारावून जाणं सोपं आहे. पण आजारी पोरीजवळ रात्रभर बसणं हे आठवीतल्या मुलीचं काम नाही, ते पगारी माणसाचं काम आहे. सरकार जिथे कमी पडतं तिथे मुली मोठ्या होतात, ही गोष्ट कौतुकाने सांगून सरकारला सोडून देता येणार नाही. तरी एक फरक मला टोचला. त्यांच्याकडे काम होतं, पद नव्हतं. आमच्याकडे पद होतं, काम नव्हतं. परतीच्या बसमध्ये गाठोड्याचा विषय निघाला तेव्हा वहीवाल्या चौघींतली एक म्हणाली, "आपण त्यांना काय पाहिजे ते विचारलंच नाही." आमच्या घरच्या नकाराचं कारण विचारत फिरलेली हीच मुलगी. घरी जी रीत वापरली ती जंगलात नेताना विसरलो, हे तिच्या लगेच लक्षात आलं.

खिदमत हा शब्द आपल्या घरात रोजचा आहे. पण तो हल्ली वाटपापुरता उरला आहे. रमजानमध्ये रेशनचे किट, थंडीत ब्लँकेट, पुरात बिस्किटं, आणि प्रत्येक वेळी फोटो. यात आपल्या चळवळीतले तरुणही आले, मीही आले. वाटप चूक नाही, भुकेल्याला किट लागतंच. पण ज्या मातीत आपण राहतो तिने सेवेचा दुसरा धडा दिला आहे. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा गावात गेले की आधी खराटा हाती घेत, कीर्तन नंतर. बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे जाऊन राहिले, वर्षानुवर्षं राहिले. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली, पण गावाने त्यांना त्याच्या कितीतरी आधी आपलं मानलं होतं. पुण्याच्या 'मैत्री' संस्थेने १९९७ पासून मेळघाटात धडक मोहीम चालवली. पावसाळ्यात, जेव्हा बालमृत्यू वाढतात आणि रस्ते तुटतात, तेव्हा स्वयंसेवक पाळीपाळीने गावात राहून घरोघरची लेकरं पाहतात. या सगळ्यांत सारखी गोष्ट म्हणजे आधी जाणं, राहणं, विचारणं, मोजणं. देणं त्यानंतर.

मुस्लिम मुलींच्या शाळेला हा वारसा परका नाही. कोलकात्यात बेगम रुकय्या यांनी १९११ साली मुलींची शाळा सुरू केली तेव्हा त्या घरोघर जाऊन आईबापांची मनधरणी करत होत्या. आमच्या वहीवाल्या मुलींनी केलं तेच. १९१६ साली त्यांनी अंजुमन-ए-ख्वातीन-ए-इस्लाम काढली आणि शाळेतलं शिक्षण वस्तीतल्या गरीब बायकांपर्यंत नेलं. शाळा आणि वस्ती या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या मानल्याच नाहीत.

आणि आपल्या महाराष्ट्रात फातिमा शेख. २०२५ च्या जानेवारीत समाजमाध्यमांवर मोठा वाद झाला, की फातिमा नावाची कोणी बाई नव्हतीच, ती रचलेली गोष्ट आहे. आपण सगळे त्या वादात उतरलो, मीही रात्री दोनपर्यंत जागून उत्तरं दिली. उत्तर सोपं होतं. १० ऑक्टोबर १८५६ ला सावित्रीबाईंनी नायगावहून जोतिबांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. सावित्रीबाई आजारी होत्या, माहेरी होत्या, आणि आपल्या मागे फातिमेवर कामाचा भार पडत असेल याची त्यांना काळजी वाटत होती. ती कुरकुर करणार नाही, याची खात्रीही होती. त्या ओळी मी अनेकदा शेअर केल्या. त्यांचा अर्थ मात्र सेमाडोहहून परतल्यावर नीट कळला. सावित्रीबाई नसताना शाळेचं काम सोपवावं असा भरवसा फातिमेवर होता. तिचा बिल्ला कोणी पाहिलेला नाही, पण काम तिच्या हाती होतं. फातिमा होती हे सिद्ध करायला आपण रात्र जागवली. आज आपल्या शाळेत जी फातिमा नववीत बसली आहे, तिच्या हाती आपण काय सोपवलं आहे?

हा प्रश्न शाळेच्या भिंतीआड संपत नाही. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत अर्ध्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. आपल्या मोहल्ल्यांतून नगरसेविका निवडून येतात. आणि मग? फलकावर तिच्याशेजारी तिच्या शौहरचा फोटो, बहुतेक वेळा तिच्यापेक्षा मोठा. वॉर्डातली गटार तुंबली की फोन त्यांना. आपण त्यावर हसतो. पण ती बाईही कधीतरी एखाद्या शाळेची स्वच्छता मंत्री असेल. फलक रंगवायला शिकवून आपण तिला चावी मागायला शिकवलं नाही. मग सभागृहात ती अचानक चावी मागेल, ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करतो?

याला कायद्याचीही एक बाजू आहे, आणि ती आपल्याला अडचणीची आहे. शिक्षण हक्क कायद्यात शाळा व्यवस्थापन समितीची तरतूद आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि निम्म्या सदस्य स्त्रिया हव्यात. पण मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने प्रमती प्रकरणात निकाल दिला की हा कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू होत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या निकालावर शंका घेऊन विषय मोठ्या पीठाकडे जावा असं म्हटलं. घटनेच्या कलम ३० ने आपल्याला आपल्या संस्था चालवण्याचा हक्क दिला आहे आणि तो जपलाच पाहिजे. पण स्वतःला विचारू या, की तो हक्क कोणाच्या हाती आहे? मुलींच्या शाळेच्या संस्थेच्या सभेला बसणाऱ्यांत बायका किती? त्या शाळेत शिकलेल्या माजी विद्यार्थिनी किती? ज्या समितीत निम्म्या अम्मी असाव्यात ती समिती कायद्याने लागू नसेल, तर आपल्या मर्जीने करायला आपल्याला कोणी अडवलं आहे का? हक्क मिळवताना आपण "समाज" म्हणून पुढे होतो. तो वापरताना समाजाचा अर्धा भाग बाहेर पडवीत उभा राहतो.

यावर तीन आक्षेप येतात आणि तिन्ही मी घरी ऐकले आहेत.

पहिला, अभ्यास बुडतो. खरं आहे, दहावीच्या वर्षी वेळ कमीच असतो. पण गुच्छ देण्याच्या तालमीत जेवढे तास जातात ते कोणी मोजत नाही. मोजले तर त्यातल्या निम्म्या वेळात खरं काम होईल. शिवाय वहीत कारणं लिहून त्यांची वर्गवारी करणं, बसचा हिशेब लावणं, निरोपाची साखळी ठरवणं, हे मी रोज ऑफिसात करते आणि त्याचा मला पगार मिळतो. हे शिक्षण नाही तर काय?

दुसरा, मुली सुरक्षित राहतील का? ही भीती पोकळ नाही. म्हणूनच राज्य सरकारने २०२२ मध्ये शाळांमध्ये सखी सावित्री समिती नेमायला सांगितलं. पण मुलीला घरात ठेवून तिची सुरक्षितता वाढत नाही, तिला बोलता येत असेल तर वाढते. जी मुलगी नववीत मुख्याध्यापकांपुढे उभी राहून "संडासाची चावी द्या" म्हणू शकते, तीच उद्या कोणी वाईट वागलं तर घरी येऊन सांगू शकते. तोंड एकच असतं. ते एका विषयात बंद ठेवून दुसऱ्या विषयात उघडत नाही.

तिसरा आक्षेप दीनच्या नावाने येतो, की बाईने पुढारीपण करू नये. मी आलिमा नाही, फतव्याची भाषा मला येत नाही. एवढंच म्हणते, की ज्या दीनची पहिली आज्ञा वाचायची आहे आणि ज्याच्या पहिल्या अनुयायी हजरत खदीजा या स्वतःचा व्यापार सांभाळणाऱ्या बाई होत्या, त्या दीनचं नाव घेऊन नववीतल्या मुलीच्या हातातली हिशेबाची वही काढून घेऊ नका.

मग करायचं काय? मोठा निधी लागत नाही. पाच गोष्टी सुचवते. एक, शाळेचं मंत्रिमंडळ मुलींनी गुप्त मतदानाने निवडावं. गुणपत्रिका बाजूला ठेवावी. दोन, मंत्रिमंडळाच्या हाती वर्षाला एक ठरलेली रक्कम द्यावी, ती पाच हजारच असेना, आणि तिचा हिशेब मुलींनी फलकावर लावावा. चूक झाली तर होऊ द्यावी, दोनशे रुपयांची चूक पंधराव्या वर्षी स्वस्त पडते. तीन, तक्रारींची एक वही ठेवावी आणि पंधरा दिवसांत मुख्याध्यापकांनी तीत लेखी उत्तर द्यावं. उत्तर नकार असला तरी चालेल, पण लेखी आणि कारणासहित. चार, वर्षभर एकच समाजकार्य घ्यावं आणि ते आपल्याच मोहल्ल्यातलं असावं. शाळा सुटलेल्या मुली किती, कोणत्या घरी, का सुटल्या, हे विचारून नोंदवणं हेच पहिलं वर्षभराचं काम पुरेसं आहे. विचारल्याशिवाय काही वाटू नये. पाच, आपण माजी विद्यार्थिनींनी वर्षातले चार दिवस शाळेला द्यावेत, भाषणाला नाही, सोबतीला. "मोठं कुणी सोबत असलं की घरचे सोडतात," हे टीचरचं वाक्य माझ्या कानात आहे. आपलं इंजिनिअर असणं, नर्स असणं, वकील असणं एखाद्या नववीतल्या मुलीच्या घरी जामीन म्हणून चालत असेल, तर तो जामीन द्यायला आपण कंजूषी का करावी?

आणि हे वाचणाऱ्या भावांना एक सांगायचं आहे. शिबिराच्या वहीत "नकार: मोठा भाऊ" असं तीन ठिकाणी लिहिलं होतं. हे भाऊ तुमच्याच वयाचे आहेत. तुमच्यासारखेच मोर्चात घटना हाती धरतात, फातिमा शेख यांचा फोटो स्टेटसला ठेवतात. त्या वहीत तुमचं नाव कोणत्या रकान्यात येईल, ते एकदा तपासा.

सेमाडोहहून आल्यावर सोमवारी त्या मुलींनी एक अर्ज लिहिला. शाळेत आता संडास चार आहेत, पण त्यातल्या दोहोंना अजून कुलूप आहे आणि चावी अजून कार्यालयातच असते. अर्जात मागणी एकच आहे. एक चावी आठवड्याच्या पाळीने मुलींकडे राहावी, आणि साफसफाईची जबाबदारीही त्यांच्याकडेच. खाली २५ सह्या आहेत. शिबिराला येऊ न शकलेल्या तिघींच्याही आहेत, आणि पहिली सही तिची आहे जिला घरच्यांनी सोडलं नव्हतं. टीचरनी मला अर्जाचा फोटो पाठवला. मी हे लिहीपर्यंत चावी मिळालेली नाही. पण अर्जाच्या कोपऱ्यात शाळेचा शिक्का आहे, तारीख आहे आणि आवक क्रमांक आहे. आता उत्तर द्यावं लागेल.